अकोल्याचा कूलर, ठाण्याचा घाम : उन्हाळ्यातल्या एका चक्करीचं प्रकरण

रुग्ण ६६ वर्षांचे, निवृत्त माध्यमिक शिक्षक. विषय गणित. सगळी हयात अकोल्यात गेली. मार्चमध्ये पत्नीसह ते ठाण्यात, घोडबंदर रोडवर मुलाच्या सतराव्या मजल्यावरच्या घरी राहायला आले. रक्तदाब दहाएक वर्षांपासून, त्यासाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन (लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारं औषध) एकत्र असलेली गोळी रोज एक. साखर काठावर, त्यासाठी औषध नाही. विडी-तंबाखू नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना आपण गुरुजी म्हणू.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात उपवन तलावाकाठी फिरताना त्यांना गरगरलं. कट्ट्यावर बसले, मळमळ सुरू झाली. शेजारी बसलेल्या एका बाईंनी घरचा नंबर विचारला, तर दहा आकडे धड सांगता येईनात. वर्गात पाढे पाठ करून घेणारा माणूस स्वतःच्या मुलाचा नंबर विसरतो, हे घरच्यांना चक्करीपेक्षा जास्त लागलं. सकाळचे नऊ वाजले होते. ऊन कडक म्हणावं असं नव्हतं.

माझ्याकडे आणलं तेव्हा भान होतं, उत्तरं मात्र सावकाश येत होती. ताप नाही. नाडी १०४. आडवं असताना रक्तदाब ११८/७०, उभं केल्यावर ९२/६०. बोटावरची साखर ठीक, ईसीजीत नवीन काही नाही, हातापायांची ताकद दोन्ही बाजूंना सारखी. अंग घामाने चिंब, शर्ट पाठीला चिकटलेला.

'ऊन लागलं' असं मुलगा म्हणाला. गुरुजींना ते पटत नव्हतं. "पंचेचाळीस डिग्रीत सायकलनं शाळेत गेलो आहे मी, डॉक्टर. इथं पस्तीसमध्ये कसा पडीन? आणि पाणी तर भरपूर पिऊन राहिलो ना!"

या दोन वाक्यांत प्रकरणाचं बरंचसं उत्तर होतं. पण आधी रक्ताचा अहवाल आला : सोडियम १२७, पोटॅशियम ३.३. सोडियम साधारण १३५ ते १४५ मध्ये असायला हवं. म्हणजे पाणी कमी पडलं नव्हतं. पाण्याच्या मानाने मीठ कमी पडलं होतं. जवळच्या नर्सिंग होममध्ये दाखल केलं, गोळीतलं क्लोरथॅलिडोन बंद केलं आणि सोडियम हळूहळू वर आणलं. हळूहळू हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. खाली गेलेलं सोडियम घाईने वर खेचलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून चोवीस तासांत ते आठ-दहा अंकांपेक्षा जास्त चढू देत नाहीत. घरी कुणी असा गोंधळला असेल तर 'मिठाचं पाणी पाजा' हा उपाय करत बसू नये. त्याला दवाखान्यातच न्यावं. तिसऱ्या दिवशी सोडियम १३३ झालं, गुरुजी घरी गेले.

घरात नेमकं काय चाललं होतं

नंतर मी त्यांना आणि सूनबाईंना सोबत बसवून दिवस विचारला, उठल्यापासून झोपेपर्यंत. औषधांच्या चिठ्ठीत न दिसणाऱ्या गोष्टी अशाच कळतात.

फिरायला आठला निघायचे, कारण मुलगा ऑफिसला जाताना गाडीने उपवनला सोडायचा. तासभर झपझप चालायचं, मग रिक्षाने घरी. तलावाभोवतीची फरसबंदी तोवर तापायला लागलेली असायची. चालून झालं की एक शहाळं. घरी आल्यावर फळांची वाटी. 'उन्हाळ्यात हलकं खावं' म्हणून दुपारी कोशिंबीर आणि एखादी पोळी, रात्री फक्त कलिंगड किंवा पपई. रक्तदाब आहे म्हणून सूनबाईंनी बाबांच्या ताटातलं लोणचं-पापड बंद केलेलं, आमटीही बिनमिठाची वेगळी काढलेली. ताक प्यायचे, तेही अळणी. पाण्याच्या बाटल्या मोजून भरलेल्या, दिवसाला चार-साडेचार लिटर. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेला सल्ला गुरुजी गणिताच्या शिस्तीने पाळत होते.

दुपारची झोप सुटली होती. नातवाला सुट्टी, हॉलमध्ये टीव्ही, आणि त्यांची खोली पश्चिमेची, चारनंतर भट्टीसारखी तापणारी. एसी त्यांना नको, सांधे धरतात म्हणून. त्यावर उपाय म्हणून अकोल्याहून सामानाच्या ट्रकमध्ये त्यांनी आपला लोखंडी कूलर आणवला होता. रात्री खिडक्या लावून, त्यात पाणी भरून तो चालवायचे. मुलाच्या टेबलावरच्या घड्याळात आर्द्रताही दिसते. ते त्या खोलीत ठेवून पाहिलं, तर पहाटे आकडा ८८ टक्के.

मग मी अकोल्यातला दिवस विचारला. तिथे पहाटे साडेपाचला फिरून यायचे. आल्यावर ज्वारीची अंबील, ताकातली, लसूण-जिरं आणि मीठ घातलेली. दुपारी भाकरी, वरण, मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा. बारा ते पाच घराबाहेर पाऊल नाही, पडदे ओढून तासभर झोप. शाळा होती तेव्हाही एप्रिलमध्ये ती सकाळचीच भरायची.

गुरुजींना वाटत होतं की आपलं अंग उन्हाला सरावलेलं आहे. सराव हा खरा प्रकार आहे : दहा ते चौदा दिवस उष्णतेत वावरल्यावर शरीर लवकर घाम आणतं आणि घामातलं मीठ राखायला शिकतं. पण त्यांना इतकी वर्षं सांभाळलं ते त्यांच्या वेळापत्रकाने आणि ताटाने. ठाण्यात येताना त्यातलं कामाचं सगळं मागे राहिलं आणि इथे निरुपयोगी असलेला कूलर तेवढा सोबत आला. तीच पाणी काढणारी गोळी अकोल्यात त्रास देत नव्हती, कारण अंबील, ठेचा आणि लोणच्यातून मीठ जात होतं. डॉक्टरच्या दृष्टीने ते थोडं जास्तच होतं, पण सोडियमची भरपाई होत होती. ठाण्यात घाम वाढला, गोळी तीच राहिली, मीठ जवळजवळ बंद झालं आणि वरून साध्या पाण्याचा मारा. चारही गोष्टी एकाच दिशेने ढकलत होत्या.

माठ गार का होत नाही

हे समजावताना मला फार कष्ट पडले नाहीत, कारण गुरुजींनी स्वतःच एक तक्रार केली : "इथला माठ गारच होत नाही. तिकडं दात शिवशिवायचे." सूनबाईंना वाटलं माठ खराब निघाला. माठ उत्तम होता.

माठ गार होतो तो पाझरलेलं पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जातं म्हणून. आपलं अंगही त्याच रीतीने गार होतं. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण हनुवटीवरून टपकलेला, शर्टात मुरलेला घाम काहीच घेऊन जात नाही. त्यात शरीराने पाणी आणि मीठ खर्च केलेलं असतं, बदल्यात गारवा मिळालेला नसतो.

अकोल्याची एप्रिलची दुपार धरा : ४३ अंश, आर्द्रता १२ टक्के. अशा हवेत थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं तर पारा २१ अंशांच्या आसपास उतरतो. ठाण्यात ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर तेच ओलं फडकं २८च्या खाली जात नाही. गुरुजींनी हा हिशोब वहीत उतरवून घेतला आणि दोनदा तपासला. वाळण्यातून मिळणाऱ्या गारव्याची मर्यादा तीच, मग ती माठाची असो, कूलरची असो किंवा घामाची. बंद खोलीत कूलर लावला की तो हवेत आणखी पाणी ओततो, म्हणजे घाम वाळायची उरलीसुरली सोयही जाते. वाळ्याचा पडदाही इथे वासापुरताच.

हवामान खातंही हा फरक मानतं. मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला पारा किमान ४० अंशांवर जावा लागतो. किनारपट्टीला ३७ अंश पुरतात, तेही सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असतील तर. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानात भर दुपारपर्यंत बसलेल्या लोकांना उष्माघात झाला, माणसं दगावली, तेव्हा पारा ३८च्या आसपास होता. विदर्भात त्याला कुणी 'आज तापलं' असंही म्हणालं नसतं.

गुरुजींना झालं तो उष्माघात नव्हता, हे इथे सांगायला हवं. उष्माघातात अंगातलं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि भान हरपतं. तिथे १०८ला फोन करतानाच अंगावर पाणी ओतून पंखा लावायचा असतो, गाडी येईपर्यंत थांबायचं नसतं. चक्कर मात्र दोन्हीकडे येते. म्हणून वयस्कर माणूस उन्हाळ्यात गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर 'ऊन लागलंय, पाणी द्या' एवढ्यावर सोडू नये.

ताट

सूनबाई चिपळूणच्या. त्यांना मी विचारलं, तुमच्या माहेरी वैशाखात सकाळी काय असतं? उकड्या तांदळाची पेज, म्हणाल्या, आणि सोबत लोणच्याची फोड. मग कशाला बंद केलीत? तर, "तांदळाने वजन वाढतं म्हणतात ना."

पथ्य तिथून ठरलं. फिरून आल्यावर एक दिवस अंबील, एक दिवस पेज, दोन्हींत मोजलेलं मीठ. जेवणात ज्वारीची भाकरी, पातळ वरण किंवा कैरीची आमटी, दुधी, पडवळ, दोडका, तोंडली यांपैकी एखादी भाजी, काकडी, मीठ-जिऱ्याचं ताक. कांदा हवा तर ताटात घ्या. खिशात ठेवून अपाय नाही, उपायही नाही. रात्री आठच्या आत मुगाची खिचडी किंवा आमटी-भात आणि सोलकढी. रात्रीच्या जेवणाला फळ हा प्रकार मी बंद केला. कलिंगडात पाणी असतं, सोडियम नावापुरतंही नसतं. दुपारी चारला मात्र ते खुशाल खावं. ताडगोळे, जाम, येऊरकडच्या बायका टोपलीत घेऊन बसतात ती करवंदं, हा इथला ऋतूचा मेवा आहे आणि गुरुजींना त्यातलं बरंचसं नवीन होतं. ताडगोळा सालीसकट खायचा की सोलून, यावर घरात दोन तट पडले. मी त्यात पडलो नाही.

हापूसचा प्रश्न येणारच होता. साखर काठावर असली तरी आंबा वर्ज्य नाही. अर्धा हापूस, दुपारच्या जेवणात, त्या दिवशी अर्धी भाकरी कमी. जेवणानंतर रात्री आमरसाची वाटी, ती नाही.

शहाळ्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तलावपाळीपासून उपवनपर्यंत सगळे फिरणारे ते औषधासारखं पितात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं असतं. घामातून गेलेलं सोडियम त्याने भरून येत नाही. शिवाय टेल्मिसार्टन जातीच्या गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. क्लोरथॅलिडोन बंद झाल्यावर ते बाहेर टाकणारा भिडू गेला, म्हणून रोजचं शहाळं आठवड्यातून दोनदावर आणलं. ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत त्यांनी तर विचारूनच प्यावं.

ओआरएसची पुडी घरात असू द्या म्हटलं, पण रोजचं पेय म्हणून नको. जास्त घाम गेलेल्या दिवशी एक लिटर पाण्यात एक पुडी, दिवसभर थोडी थोडी. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं पाहून घ्यायचं : लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज. फळाच्या चवीची गोड खोकी वेगळी, ती सरबतं आहेत. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा, चमचा चहाचा. पन्हं आणि कोकम सरबत चांगलंच, फक्त चिमूटभर मिठाशिवाय करू नये आणि साखर हात राखून घालावी.

मग मीठ किती? सर्वसाधारण मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, ती मोडायला मी सांगितलं नाही. सूनबाईंनी सकाळीच तेवढं मीठ वाटीत काढून ठेवायचं, बाबांचं सगळं त्यातूनच करायचं, आणि उरवायचं नाही. रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाने हे करावं असं मुळीच नाही. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्याला हेच मीठ महागात पडेल.

पाणी, तराजू आणि वही

'किती पाणी प्यावं' याचं उत्तर गुरुजींच्या तराजूने दिलं. फिरायला जाण्याआधी आणि आल्यावर अंग पुसून वजन करायचं. जुन्या पद्धतीने आठला तासभर चालल्यावर त्यांचं वजन ९०० ग्रॅम घटलं, म्हणजे जवळपास तेवढा घाम. लिटरभर घामातून सरासरी एक ग्रॅमच्या आसपास सोडियम जातं, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. दिवसाच्या मर्यादेतलं निम्मं मीठ एका फेरफटक्यात. वहीत हे मांडल्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "उदाहरणच चुकीचं मांडलं होतं."

आता तहान आणि लघवीचा रंग पाहून प्यायचं, साधारण अडीच लिटरच्या आसपास, ताक-आमटी धरून. लघवी फिकट पिवळी असावी. पाण्यासारखी पांढरी असेल तर बाटल्या मोजणं थांबवायचं.

चालणं आणि झोप

उपवन सुटलं. सहाला सोसायटीच्याच बागेत पंचवीस मिनिटं, शेजाऱ्याशी बोलता येईल अशा चालीने. आर्द्रतेचा टक्का पहाटेच सर्वांत चढा असतो हे गुरुजींनी लगेच दाखवून दिलं. बरोबर आहे, पण तेव्हा हवा सर्वांत थंड असते आणि डोक्यावर सूर्य नसतो. ओल्या फडक्याचा पाराही त्याच सुमारास सगळ्यांत खाली असतो. येऊरच्या वाटेने जाऊ का, असंही विचारलं. उजाडल्यावर जा म्हटलं, काळोखात तो रस्ता बिबट्याचा आहे.

संध्याकाळी घरात, पंख्याखाली : खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला धरून टाचा उचलणं, खांदे-मान सैल करणं. शीतली प्राणायाम ते आधीपासून करत होते, करू दिला. बरं वाटतं, पण त्याच्या भरवशावर उन्हात जाऊ नये.

दुपारची झोप परत आणणं सगळ्यांत अवघड गेलं. ग्रीष्म ऋतुचर्येत दिवसा झोपायला परवानगी आहे, एरवी आयुर्वेद त्यावर नाक मुरडतो. ही परवानगी गुरुजींच्या पत्नीने घरात अमलात आणली : दीड ते अडीच टीव्ही बंद, नातवाला पूर्वेच्या खोलीत आजोबांशेजारी आडवं करायचं. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावली. पडदा आतून असला की काच तापून उष्णता आत आलेली असते, चिक ती बाहेरच अडवते. रात्री एसी २७वर आणि पंखा मध्यम, झोत पायांकडे. सांधे धरले नाहीत. कूलर बाल्कनीत गेला, आता त्यावर तुळस आहे.

पुढे

तिसऱ्या आठवड्यात सोडियम १३७, पोटॅशियम ४.४, उभं राहिल्यावर रक्तदाब घसरत नव्हता. एकट्या टेल्मिसार्टनवर तो १३४/८२ राहिला. मे महिन्यात पुतण्याच्या लग्नाला अकोल्याला जाऊन आले. तिथे जाताना मला काळजी होती ती उन्हाची कमी आणि लग्नघरातल्या जाग्रणाची जास्त. अंबील दोन्ही वेळा घेतली, दुपारी मांडवात थांबले नाहीत, त्यावरून नातेवाइकांची बोलणी खाल्ली.

जूनच्या उत्तरार्धात पाऊस स्थिरावल्यावर तपासायला आले तेव्हा रक्तदाब १४८/८८. घाम कमी झाला होता आणि वाटीतलं मीठ 'उरवायचं नाही' हा नियम घरात अजून निष्ठेने चालू होता. वाटी अर्ध्यावर आणली, सकाळच्या अंबिलीत मिठाऐवजी लसूण-कोथिंबीर वाढवली. पंधरवड्याने १३६/८४. क्लोरथॅलिडोन पुन्हा सुरू केलेलं नाही. ऑक्टोबरची तलखी सुरू होण्याआधी, सप्टेंबरच्या शेवटी, सोडियम-पोटॅशियम पुन्हा करायचं ठरलं आहे. तारीख गुरुजींनी वहीत स्वतःच लिहून ठेवली.